ब्रश न लागलेला एक जोड

त्या बाईच्या नाकावर कायम राग असायचा हे खरं, पण तो राग तिथे बसून नुसता पगार खात नव्हता. डोंगरावरच्या राखीव जंगलाच्या फाटकाशी, पत्र्याच्या शेडमध्ये, ती एकोणीस वर्षं लोकांचे बूट धूत होती. बूट धुवायला ज्याला थांबवावं तो आधी हसतो, मग कुरकुरतो आणि शेवटी घड्याळ दाखवतो. या तिन्हींवर एकच औषध लागू पडतं, ते म्हणजे समोर ब्रश घेऊन उभ्या असलेल्या बाईचा चेहरा. तो चेहरा तिने कमावलेला होता.

शेडमध्ये एक लांब बाकडं, दोन टब आणि शेवटी औषधाच्या निळसर पाण्याचा पसरट ट्रे. ब्रश खिळ्यांना टांगलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत. तिच्या कमरेला दोरीने बांधलेली स्वेटर विणायची एक सुई, बुटांच्या तळव्यांतल्या खाचांत अडकलेली माती उकरायला. बसा, नाड्या सोडा, पाय पुढे करा. आधी ब्रश, मग सुई, मग पुन्हा ब्रश, मग दोन्ही बुटांनिशी औषधात उभं राहायचं आणि ती मोठ्याने साठ आकडे मोजणार. मध्येच कुणी फोन उचलला की पुन्हा एकपासून. त्या औषधाने तिच्या बोटांची पेरं बाराही महिने फुटलेली असत. कचेरीतले लोक मागून तिला ब्रशबाई म्हणत. ते तिला ठाऊक होतं. ब्रश धरणारीला ब्रशबाई म्हटलं तर बिघडलं कुठे, ती म्हणायची, खुर्ची धरणाऱ्याला आपण साहेब म्हणतोच की.

हे सगळं कशासाठी, ते ती प्रत्येक गटाला सांगायची. तीन तासांच्या चढावर, जिथे ढग झाडांच्या मधून चालतात आणि फांदी न फांदी शेवाळाने जाड झालेली असते, तिथल्या ओढ्यात अंगठ्याच्या नखाएवढा एक पिवळा बेडूक राहतो. जगात तो दोनच ओढ्यांत उरला आहे, एक हा आणि एक कड्याच्या पलीकडचा. पूर्वी रस्त्याखालच्या खोऱ्यातही होता. तिथे बुरशीचा रोग आला, बेडकांच्या कातडीला लागला आणि दोन पावसाळ्यांत सगळा ओढा मुका झाला. तेव्हापासून ते खोरं साखळी लावून बंद आहे, कारण बुरशी तिथल्या चिखलात अजून आहे. ती ओल्या मातीबरोबर फिरते. मातीला पाय नसतात, ते माणूस पुरवतो.

एकोणीस वर्षांत तिला तळव्यांवरून माणसं ओळखता यायला लागली होती. दिवसभर खुर्चीत बसणारा कोण, बायकोच्या धाकाने चालायला लागलेला कोण, काल रात्री समुद्राच्या वाळूत हिंडून आलेला कोण, हे बुटाची टाच सांगायची. एकदा मंत्री आले. पुढे-मागे माणसं, गाड्या, फोटोवाले. जंगलाच्या व्यवस्थापकाने आधीच डोळ्यांनी खुणा करून ठेवल्या होत्या की यांना जाऊ दे. तिने बाकडं पुसलं आणि व्यवस्थापकालाच विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की मंत्र्यांचे पाय काय हवेतून चालतात? मंत्री बिचारे मुकाट्याने बसले. व्यवस्थापकाला डोंगरावरच्या थंडीत घाम फुटला होता. ही गोष्ट पुढे त्या डोंगरावरचा प्रत्येक जण स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगायचा.

ती स्वतः मात्र त्या ओढ्यापर्यंत कधी गेली नव्हती. नोकरांना वर्षातून एकदा वर जायची मुभा होती आणि बाकी सगळे ती घ्यायचे. ही दरवर्षी सोडून द्यायची. का, तर तेवढाच एक जोड बूट कमी. याला वेड म्हणा हवं तर. तिचा नवरा म्हणायचाच. तो निवृत्त बसचालक होता आणि गप्प बसणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसल्यामुळे सगळे त्याला रेडिओ म्हणत.

आता बेडूकवाल्याबद्दल. त्याचं येणं नऊ वर्षांपूर्वीचं. काटकुळा, चष्मेवाला, बेडकांवर संशोधन करायला आलेला पोरगेला माणूस. पहिल्या दिवशी तिने त्याचे बूट दोनदा धुतले, कारण त्याने घड्याळाकडे पाहिलं होतं. तो रागावला नाही. उलट संध्याकाळी परत येऊन तिला सूक्ष्मदर्शकाशी घेऊन गेला आणि ती बुरशी दाखवली. एवढ्या वर्षांत तिला तिचा शत्रू कुणी दाखवला नव्हता. ते गोल गोल ठिपके बघून ती म्हणाली की हे तर साबुदाण्यासारखं दिसतं, आणि त्या दोघांचं जमलं. तो तिला आत्या म्हणायला लागला. सुट्टीच्या दिवशी जेवायला घरी यायचा, तिच्या नवऱ्याने त्याला घाटात गाडी चालवायला शिकवलं, आणि त्याला ताप आला तेव्हा तिने चार दिवस त्याच्या खोलीवर डबा पोचवला. फोनवर ध्वनिमुद्रण लावून तो तिला बेडकांचा आवाज ऐकवायचा. त्यातूनच तिला तो ओढा ठाऊक होता.

आणि मग तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून तो बाकड्यावर बसेनासा झाला. गाडीत औषधाचा फवारा असायचा, मी स्वतःच करतो आत्या, म्हणायचा. तीही म्हणायची, बरं. ज्याने आपल्याला रोग दाखवला त्याला आपण काय ब्रश दाखवायचा? मंत्र्याला न सोडणाऱ्या बाईने याला सोडलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण उगीच झालेली नाही.

गेल्या थंडीतला एक मंगळवार होता. तो सकाळी फाटकातून आत शिरला तेव्हा त्याच्या बुटांच्या कडेला राखाडी माती तिला दिसली. वरच्या जंगलाची माती काळी. राखाडी, साबणासारखी गुळगुळीत माती डोंगरावर एकाच ठिकाणी होती, साखळी लावलेल्या खोऱ्यात, आणि नमुने आणायला तिथे जायची परवानगी एकट्या त्याला होती. ती थट्टेनेच म्हणाली की कुठला चिखल तुडवत आलास रे? तो हसला. गाडीत धुतलेत आत्या, ढग उतरायच्या आत पोचायचंय, म्हणाला आणि गेला. तिचा हात ब्रशापर्यंत गेला होता. तो तिने परत घेतला.

पाच महिन्यांनी तो ओढ्यावरून एक प्लास्टिकचा डबा घेऊन उतरला. डब्यात अकरा बेडूक होते, पोटं वर केलेले. तिने त्याला बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि दोघंही रडले. पुढच्या सहा आठवड्यांत वर एकही बेडूक ओरडेनासा झाला. प्रयोगशाळेचं उत्तर आलं की ही बुरशी खालच्या खोऱ्यातलीच आहे, तीच जात. ते ऐकल्यापासून तिला झोप नव्हती. त्याला होती का, कोण जाणे. तो फाटकाकडे यायचाच बंद झाला.

वरच्या कचेरीने चौकशी लावली. चौकशीच्या दोन दिवस आधी व्यवस्थापकाने तिला बोलावलं. त्याची खोली तिला पाठ होती. भिंतीवर पिवळ्या बेडकाचा मोठा फोटो, टेबलावर काचेखाली मंत्र्यांबरोबरचा फोटो. त्याने एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. प्रवेशद्वारावरील स्वच्छतेच्या कामात आपल्याकडून निष्काळजीपणा झाला, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सहीसाठी जागा होती. घाबरू नका, तो म्हणाला, कुणी फाशी देत नाही तुम्हाला, विश्रामगृहाच्या कपड्यांवर पाठवू, तिथे काम हलकं आहे, तुमच्या हातांनाही बरं पडेल.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. खालच्या खोऱ्यात एकच माणूस जातो हे या माणसाला ठाऊक नव्हतं काय? परवानगीच्या कागदावर सही याचीच. पण बेडूकवाल्याच्या नावावर लांबलांबचे लोक यायचे, परिषदा व्हायच्या, फोटो व्हायचे. ब्रशबाईच्या नावावर काय होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर म्हणे फाशी देत नाही कुणी. तिने कागद उलटा केला, त्याच्याच पेनाने त्यावर 'वाचला' असं लिहिलं आणि सही न करता निघून आली.

घरी रेडिओ सुरू झाला. नवऱ्याचं म्हणणं असं की सही करून टाकावी. वय झालंय, हात फुटलेत, ओढा तर गेलाच आहे, तुझ्या सही न करण्याने बेडूक काय परत येणार आहेत? ती म्हणाली की बेडूक येणार नाहीत, पण आपल्यामागे या फाटकाशी उभं राहून कुणीतरी सांगेल की इथे एक बाई होती, ती झोपा काढायची म्हणून ओढा मेला. एकोणीस वर्षं झोपा काढल्या मी? नवरा गप्प बसला. त्याच्या बाबतीत हे क्वचितच घडायचं.

त्याच संध्याकाळी ती बेडूकवाल्याच्या खोलीवर गेली. खोलीत बरण्या, नकाशे, वाळत घातलेले मोजे. दाराशी तेच बूट, आता लख्ख. त्याने खुर्चीवरची पुस्तकं उचलली, ती बसली नाही. तिने एवढंच विचारलं की परवा तू सांगणार आहेस ना?

त्याने बराच वेळ चष्मा पुसला. मग तो जे बोलला ते इतकं व्यवस्थित होतं की त्याने ते आधी मनात घोळवलं असावं. माझं नाव आलं तर माझ्या सगळ्या परवानग्या जातील. पलीकडचा ओढा अजून शाबूत आहे. तिथल्या बेडकांना वाचवायचं काम माझ्याशिवाय कुणाला येत नाही.

"बेडकांसाठीच म्हणतोय मी, आत्या," तो म्हणाला. "तुम्हाला ते कपड्यांवर पाठवतील, तुमचं नुकसान असं काही होणार नाही."

असा राग तिला जन्मात आला नव्हता. खोटं बोलला असता तर एक वेळ सोसलं असतं. हा तर मेलेल्या बेडकांना साक्षीला उभं करत होता. आणि नुकसान नाही म्हणे. ज्याच्या तापाला तिने डबा पोचवला त्याने तिचं नाव कपड्यांच्या बोचक्यात बांधून टाकलं होतं आणि वर पत्ताही चांगला आहे म्हणून सांगत होता.

"माझं काय जातं ते तुम्ही ठरवू नका," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती त्याला अहो-जाहो करत होती. तो काही बोलायच्या आत ती जिना उतरली होती.

चौकशी पर्यटकांच्या माहितीकेंद्रात झाली. वरच्या कचेरीतून एक साहेब आणि एक बाई आल्या होत्या. एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञ म्हणून बेडूकवाला. तिला मधल्या खुर्चीत बसवलं. बाईंनी विचारलं की या एकोणीस वर्षांत फाटकातून गेलेला प्रत्येक बूट तुम्ही धुतला का?

हो म्हणाली असती तर सुटली असती. धुतला नाही असं दाखवायला कुणाकडे काय पुरावा होता? नवऱ्याने सकाळी दारापर्यंत येऊन हेच बजावलं होतं, हो म्हण आणि मोकळी हो. पण तिला खोटं बोलून सुटायचं नव्हतं. खोटं बोलून सुटणाऱ्यांवर तर तिचा सगळा राग होता.

"नाही," ती म्हणाली. "एक जोड मी कित्येक वर्षं धुतला नाही. हे बसलेत त्यांचा. मला ते घरचे वाटायचे. आणि एका मंगळवारी त्यावर खालच्या खोऱ्यातली माती मला दिसली, तरी मी जाऊ दिलं. ती चूक माझी. पाय त्यांचे."

व्यवस्थापक टेबलावरची पेन्सिल सरळ करत राहिला. बाईंनी बेडूकवाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला की आपण बूट नेहमी स्वतः निर्जंतुक करतो, त्या दिवशीचं मात्र नेमकं आठवत नाही. बेडकाच्या पाठीवरच्या रेघा मोजून प्रत्येक बेडूक वेगळा ओळखणारा हा माणूस. याला एक मंगळवार आठवत नव्हता.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. तो कचेरीच्या फलकावर लावला होता आणि तिने तो उभ्याने तीनदा वाचला. प्रवेशद्वारावरील कर्मचारी महिलेने नियमभंग झाल्याचे स्वतः कबूल केले आहे, असं त्यात होतं. पुढे काहीच नव्हतं. कुणाचे बूट, कुठली माती, कोणता वार, काही नाही. तिच्या खऱ्या बोलण्यातला त्यांना हवा तेवढा भाग कापून घेतला होता आणि उरलेला टाकून दिला होता. एक तारखेपासून तिची बदली विश्रामगृहाच्या कपड्यांवर. त्याच फलकावर खाली दुसरा कागद होता. पलीकडच्या ओढ्याच्या संरक्षणाचं काम बेडूकवाल्याकडे सोपवण्यात येत होतं.

ती शेडमध्ये येऊन बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आला तो रागच. महिना संपायला नऊ दिवस होते आणि नऊ दिवस फाटक तिचं होतं. दुसऱ्या दिवशी आठ जणांचा पहिला गट बाकड्यावर बसला तेव्हा तिने आपलं नेहमीचं सांगणं बदललं. वरचा ओढा मेलाय, ती म्हणाली. एक दिवस एक जोड बूट या बाकड्यावर न बसता वर गेला. मी जाऊ दिला. माझी चूक अहवालात लिहिली आहे आणि ती बरोबर आहे. ते बूट कुणाच्या पायात होते ते लिहिलेलं नाही. लोक विचारायचे, कुणाच्या? ती म्हणायची की ते माझं एकदा सांगून झालंय. माझ्या तोंडून ती तक्रार ठरते. ते ज्याचं त्याने सांगायचं.

दिवसाला दोन गट. व्यवस्थापकाच्या कानावर दुसऱ्याच दिवशी गेलं. त्याने येऊन समज दिली. तिने त्याचे बूट धुतले.

सातव्या दिवशी सकाळी बेडूकवाला आला. पलीकडच्या ओढ्याकडे जायची वाट याच फाटकातून होती, दुसरी नव्हतीच. पाठीवर सामान, पायात कोरे करकरीत बूट. बाकड्यावर आठ माणसं बसलेली. तो कडेकडेने फाटकाकडे निघाला आणि हळूच म्हणाला की नवे आहेत, आजच खोक्यातून काढलेत.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. नवव्या जागी, अगदी टोकाला. ती त्याच्यापाशी सगळ्यांत शेवटी पोचली. तोपर्यंत एकेकाचे बूट घासत ती आपलं सांगणं सांगत होती, ओढा, मंगळवार, एक जोड. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. तो खाली बघत होता. ती त्याच्यासमोर बसली, त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि स्वच्छ तळव्याची एकेक खाच सुईने उकरायला लागली. खाचांत काही नव्हतं. तरी तिने एकही खाच सोडली नाही. वर झाडांतून ढग उतरायला लागले होते. आज तो ओढ्यापर्यंत पोचणार नव्हता आणि ते दोघांनाही कळत होतं.

बाकड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी, बहुतेक शिक्षिका असाव्यात, विचारलं की मग ते बूट होते तरी कुणाचे?

ब्रशबाईने ब्रश पाण्यात बुडवला आणि ती घासायला लागली.

"माझे," तो म्हणाला.

पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नाही. म्हाताऱ्या बाईंनी कानाला हात लावला. त्याने चष्मा काढला आणि पुन्हा म्हणाला, या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं. माझे होते. धुतलेले नव्हते. मला ठाऊक होतं.

आठही जण त्याच्याकडे बघत राहिले. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि आत्या म्हणून काहीतरी सुरू केलं. तिला बरं वाटलं का? नाही वाटलं. ओढा मेलेलाच होता, एक तारखेला कपडे होतेच, आणि हे एवढंसं वाक्य त्या माणसाला चार आठवड्यांपूर्वी बोलता आलं असतं. तिने त्याचा उजवा पाय मांडीवरून खाली ठेवला.

"दुसरा पाय," ती म्हणाली.